कोस्टरवरची नक्षी का सुटते?

प्रश्न : संगणकावर नक्षी काढून ती घरच्या कटिंग मशीनवर व्हिनाइलमध्ये (मागे कागद असलेल्या पातळ, चिकट प्लास्टिकमध्ये) कापायची आणि चकचकीत टाइलवर चिकटवायची, अशा पद्धतीने मी पेल्याखाली ठेवायचे कोस्टर करते. बारीक जाळी मागच्या कागदावरून सोडवताना फाटते आणि चिकटलेली नक्षी वापरात कडेने सुटू लागते. वरून इपॉक्सी (ओतल्यावर घट्ट होणारे पारदर्शक रेझिन) ओतावे का? हेच व्हिनाइल लेझर कटरवर कापले तर जाळी नीट येईल का?

उत्तर : लेझरचा मुद्दा सुरक्षिततेचा असल्यामुळे तो आधी घेतो. चिकट व्हिनाइल सहसा पीव्हीसीचे असते आणि लेझरच्या उष्णतेने त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो श्वसनमार्गाला घातक असतोच, शिवाय हवेतल्या ओलाव्यात त्याचे आम्ल होऊन यंत्राचे धातूचे भागही गंजतात. खिडकी उघडी ठेवूनही हा धोका टळत नाही, म्हणून व्हिनाइल पात्यानेच कापावे.

जाळी फाटण्याचे कारण बहुधा पात्यात किंवा नक्षीत सापडते. पाते व्हिनाइलच्या आरपार जावे, पण खालच्या कागदावर जेमतेम ओरखडा उमटावा, इतकीच त्याची खोली हवी. प्रत्येक नव्या रोलवर आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून चिमट्याने उचलून पाहावा. तो स्वच्छ सुटला नाही, तर पाते बदलावे किंवा दाब किंचित वाढवावा. कापण्याचा वेग कमी ठेवला की वळणे नीट येतात. एवढे करूनही फाटत असेल, तर रेषाच फार बारीक आहेत असे समजावे. एक मिलिमीटरपेक्षा अरुंद पट्ट्या मी टाळतो, कारण कापल्या गेल्या तरी त्या उचलताना ताणल्या जातात.

कड सुटण्याचे मूळ बहुतेकदा टाइलवरच्या तेलकट थरात असते. चिकटवण्यापूर्वी टाइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी आणि नंतर तिच्यावर बोट लागू देऊ नये. व्हिनाइल कायमस्वरूपी चिकटणाऱ्या प्रकारचे घ्यावे, नक्षी टाइलच्या काठापासून पाच-सहा मिलिमीटर आत ठेवावी आणि निदान एक दिवस पाणी लागू देऊ नये. थंड पेल्याचे ओघळणारे पाणी नेमके उघड्या कडेखालीच शिरते.

इपॉक्सीने कडा झाकल्या जातात हे खरे, पण घरगुती वापराची अनेक इपॉक्सी पन्नास-साठ अंश सेल्सिअसलाच मऊ पडू लागतात आणि गरम कपाचे वर्तुळ त्यांच्यावर कायमचे उमटते. वापरायचेच असेल, तर वेष्टनावर उष्णता सहन करण्याची मर्यादा छापलेली असेल असेच घ्यावे.

तुमच्या जाळीसाठी मात्र मी वेगळा मार्ग सुचवेन. लाकडी चकती घ्यावी आणि व्हिनाइलचा उपयोग फक्त स्टेन्सिल, म्हणजे रंग भरण्याचा कापलेला साचा, म्हणून करावा. चकती घासून तिच्यावर स्टेन्सिल दाबून बसवावी आणि आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ हात द्यावा. त्यामुळे कडांखालच्या फटी बुजतात आणि रंग आत झिरपत नाही. वॉर्निश वाळल्यावर रंग लावावा आणि तो किंचित ओला असतानाच व्हिनाइल हळूहळू, जवळजवळ आडवे ओढत काढावे. सुटायला कडच उरत नाही, म्हणून ही नक्षी जास्त टिकते. रंग पूर्ण वाळल्यावर चकतीच्या वर, खाली आणि काठांवरही वॉर्निश लावावे, कारण एकाच बाजूला लावले तर ओलावा असमान शोषला जाऊन लाकूड वाकते. तळाला कॉर्क लावायचा असेल, तर तो मात्र वॉर्निश पक्के झाल्यावरच चिकटवावा.