उत्तर : सोलापुरात नाइलाजाने रात्र काढावी लागली तर?

तुम्ही विचारलंय, पुण्याहून हैदराबादला गाडीनं जाताना उशीर झाला तर सोलापुरात थांबावं की पुढे जावं. एवढंच असतं तर मी उत्तर लिहायला बसले नसते. पण पुढे तुम्ही लिहिलंय, ‘ऐकलंय की तिथं मराठी चालत नाही’. कुणाकडून ऐकलंत? माझ्या धाकट्या दिराकडून नसेल तर नवलच, कारण माझं लग्न झाल्यापासून तो हेच सांगत फिरतोय.

आधी तुमचं. थांबा. पुण्यापासून अडीचशे किलोमीटर झालेले असतात आणि हैदराबाद अजून तीनशेच्या वर असतं. त्यात उसाचा हंगाम असेल तर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात अचानक समोर येतात. स्टेशन, एसटी स्टँड, सात रस्ता या भागात साध्या लॉजपासून बऱ्या हॉटेलपर्यंत सगळं मिळतं. आधारकार्ड जवळ ठेवा. झालं.

आता मराठीचं. मी सोलापूरच्या पूर्व भागातली. आमचं घर पद्मशाली विणकरांचं, घरात तेलुगू, शाळा मराठी, वडिलांचे चार माग. सासर पुण्यातलं मराठी. हैदराबादला एका लग्नाला निघालो होतो, दिराची नवी गाडी, आणि संध्याकाळी सोलापूरच्या वेशीवरच्या बाळ्याच्या अलीकडे क्लच गेला. गॅरेजवाल्यानं टोचन करून गाडी नेली, बघितली आणि म्हणाला, “साहेब, पाय क्लचवरच ठेवून चालवताव काय?” पार्ट सकाळी येणार होता. हा माणूस पोऱ्याशी दखनी उर्दू बोलत होता, पार्टवाल्याशी फोनवर तेलुगू, आम्हाला न्यायला आलेल्या रिक्षावाल्याशी कानडी आणि आमच्याशी मराठी. दीर माझ्याकडे वळून म्हणाला, “बघ वहिनी, एक मराठी माणूस नाही तुझ्या गावात.” गॅरेजवाला गाडीखालूनच बोलला, “तुमच्याशी मराठीतच बोलालोय की ओ.”

माहेरचं घर विकलेलं. स्वतःच्या गावात लॉजच्या रजिस्टरवर पुण्याचा पत्ता लिहिताना कसं वाटतं ते इथं सांगत बसत नाही.

जेवायला मी सगळ्यांना एका लिंगायत खानावळीत नेलं. कडक भाकरी, शेंगा भाजी, दही आणि तेल घालून कालवलेली शेंगाची चटणी. दिरानं पनीर मागितलं, नव्हतं. मालकीणबाई आत कानडीत ओरडत होत्या आणि बाहेर सासूबाईंना सांगत होत्या, “आजी, भाकरी मोडून भाजीत घाला, मऊ पडंल.” सासूबाई पुण्यात अर्धी पोळी खातात. तिथं काय खाल्लं ते मी मोजलं नाही, पण दिरानं मोजलं.

जेवण झाल्यावर दीर-जाऊ लॉजवर गेले, आम्ही तिघं रिक्षानं माझ्या जुन्या गल्लीत. एका शेडमध्ये रात्रपाळीचे माग चालू होते. त्या खटखटीत मी बारावीपर्यंत अभ्यास केलाय. शेजारच्या अक्का दारात बसून दुसऱ्या दिवशी विड्या वळायला तेंदूची पानं कापत होत्या. मला बघून आधी तेलुगूत शिव्या दिल्या, इतक्या वर्षांत आली नाहीस म्हणून, मग सासूबाईंना “बसा हो विहीणबाई” म्हणून पाट दिला. दोघी तासभर बोलल्या. विषय गुडघे आणि सुना. दुभाष्या म्हणून मी तयारच होते, माझी गरज पडली नाही.

हे सगळं मी दिराला ऐकवलं तर म्हणे, “ती आपल्याला बघून मराठी बोलतात गं.” अरे, मग आणखी काय पाहिजे? इथली तेलुगू घरं निजामाच्या मुलखातून कापड विणायला आली, काहींना शंभर वर्षं होऊन गेली. कानडी तर बाहेरून आलंच नाही. ज्या सिद्धेश्वरांच्या नावानं हे गाव चालतं ते बाराव्या शतकातले, त्यांची वचनं कानडीत आहेत. आणि सोलापुरात 1930 साली मार्शल लॉ लागला, त्या प्रकरणात 12 जानेवारी 1931 ला चौघांना फाशी झाली, तीही तुमच्या पुण्यात, येरवड्याला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. नावं नीट वाचा आणि यातला बाहेरचा कोण ते मला कळवा. सकाळी मी गाडी मुद्दाम त्या चार पुतळ्यांजवळ थांबवायला लावली आणि हेच विचारलं. दीर म्हणाला, “ते वेगळं गं.” काय वेगळं ते अजून सांगायचंय त्याला.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल माहेरचं कौतुक. गिरण्या बंद पडल्यावर गाव खचलं ते खचलंच. जुनी मिल 1877 ची, आता नुसती आठवण. पोरं शिकली की पुणं धरतात, मीही धरलं. नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून खोली घेताना पाण्याचं आधी विचारा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो, तेव्हा एसीचे पैसे वाचवू नका. आणि संक्रांतीला सिद्धेश्वरांची, गड्ड्याची यात्रा असते. पांढऱ्या बाराबंदीतले लोक सात नंदीध्वज, म्हणजे उंच सजवलेल्या काठ्या, पेलत निघतात, बघण्यासारखंच असतं, पण तेव्हा आयत्या वेळी खोली मिळेल अशी आशा धरू नका. आषाढी-कार्तिकीलाही तेच, पंढरपूर जवळ पडतं.

सकाळी वेळ असेल तर तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर आणि शेजारचा भुईकोट किल्ला बघून निघा. चादर घ्यायची तर गावात दुकानात जाऊन, वजन हातात घेऊन घ्या. दिरानं माझं न ऐकता हायवेवर घासाघीस करून दोन घेतल्या. पहिल्याच धुण्यात जाऊबाईंचे सगळे टॉवेल गुलाबी झाले. हैदराबादच्या वाटेवर पुढे नळदुर्गचा किल्ला लागतो, पावसाळ्यात असाल तर तिथल्या पाणीमहालासाठी दोन तास हाताशी ठेवा.