चिनी कुटुंबं पै-पै साठवतात, मग शेअर बाजारात एवढा धोका कसा पत्करतात?

हा प्रश्न मलाही पडला होता. मी साडेतीन वर्षं शांघायला नोकरीला होतो. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वीस युआनच्या जेवणावरही कूपन शोधायचा. त्याच माणसाने २०१५च्या वसंतात भावाकडून उसने पैसे घेऊन शेअर घेतले. जूनमध्ये बाजार कोसळला. (तिकडे भाव चढला की लाल दिसतो, उतरला की हिरवा. त्याची स्क्रीन हिरवीगार बघून मी आधी त्याचं अभिनंदन केलं होतं!)

मला वाटतं, प्रश्नातला 'मग' काढून टाकायला हवा. साठवणं आणि धोका पत्करणं, दोन्हींच्या मागे घरचीच माणसं असतात.

ख्रिस्टोफर शी आणि एल्के वेबर या संशोधकांनी १९९९मध्ये अमेरिकी आणि चिनी विद्यार्थ्यांची तुलना केली. खात्रीची छोटी रक्कम हवी, की मोठ्या रकमेचा जुगार? जास्त धीट अमेरिकीच असणार, असा अंदाज दोन्हीकडच्यांनी केला होता. निघालं उलटं: पैशाच्या बाबतीत चिनी मुलं जास्त धोका घेत होती. औषधोपचार किंवा अभ्यासाच्या बाबतीत मात्र तसं दिसलं नाही. संशोधकांचं स्पष्टीकरण असं की पडलात तर खाली नातेवाइकांची गादी अंथरलेली असते. पैसे बुडाले तर मामा देईल, पण परीक्षेतले मार्क काही मामा देऊ शकत नाही. ही तुलना विद्यार्थ्यांची, संसारी माणसांची नव्हे, हे खरं. पण माझ्या सहकाऱ्याच्या घराचे पुढचे हप्ते सासऱ्यांनी भरले, त्यामुळे मला ते लगेच पटलं.

आता साठवण्याकडे या. शांघायच्या पीपल्स पार्कमध्ये शनिवार-रविवारी लग्नाचा बाजार भरतो. जमिनीवर उघड्या छत्र्या ठेवलेल्या, प्रत्येकीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार. मुलाच्या कागदावर एक ओळ हमखास बघितली जाते, स्वतःचं घर आहे का. छत्रीमागे आई-वडील बसलेले. कित्येकदा ज्याचं लग्न त्यालाच पत्ता नसतो.

शांग-जिन वेई आणि शियाओबो झांग या अर्थतज्ज्ञांनी २०११च्या निबंधात नेमकी हीच गाठ उकलली. २००४च्या सुमारास चीनमध्ये १०० मुलींमागे जवळपास १२१ मुलगे जन्मत होते. जिथे हे प्रमाण जास्त बिघडलेलं, तिथे मुलाचे आई-वडील जास्त साठवतात, कारण स्थळ म्हणून मुलगा उठून दिसायला हवा. त्यापायी घरांचे भाव चढतात, आणि मग ज्यांना या शर्यतीत रस नाही त्यांनाही जास्त साठवावं लागतं. १९९० ते २००७मध्ये कौटुंबिक बचतीचा दर जेवढा वाढला, त्यातली साधारण निम्मी वाढ यामुळे असावी असा त्यांचा हिशोब आहे. सगळ्यांना तो मान्य नाही. आजारपण आणि तोकडी पेन्शन यांना काही अभ्यासक जास्त वजन देतात. मलाही निम्मी जरा जास्तच वाटते, पण त्या छत्र्या बघितल्यावर मुद्दा खोडून काढणं जड जातं. आपल्याकडे बघायला गेलं तर हिशोब उलटा: हुंड्याची पुंजी मुलीचा बाप जमवतो, तिकडे वधूमूल्य आणि घर दोन्ही मुलाच्या घरच्यांच्या गळ्यात.

एवढं ऐकून सगळं 'चिनी स्वभाव' म्हणून मोकळे होऊ नका; माणसाचा निर्णय त्या दिवसाच्या परिस्थितीनेही बदलतो. टॉम चांग, वेई हुआंग आणि योंगशियांग वांग या अभ्यासकांनी चीनमधल्या आरोग्य विम्याच्या विक्रीची नोंद तपासली. ज्या दिवशी हवा खराब, त्या दिवशी पॉलिसी जास्त खपतात. परत करायच्या मुदतीत हवा सुधारली, की रद्द करणारेही वाढतात. वास्तविक विमा पुढच्या कित्येक महिन्यांचा, आणि आजच्या धुक्याचा त्याच्याशी फारसा संबंध नाही.

मी अशाच एका धुरकट डिसेंबरात हवा शुद्ध करायचं मशीन घेतलं होतं. आठवड्याने आकाश निळं झालं, आणि मशीन परत घेता का विचारायला मी दुकानात फोन लावला.