पाटी नंतर, आधी दाखल रजिस्टर

अगं, चर्चमधली जुनी पुस्तकं तू सांभाळायला घेतलीस हे वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पण फादरांच्या नावाची संगमरवरी पाटी आधी बसवायची म्हणतेस ना, तिथे जरा थांब आणि आयर्लंडमध्ये, डब्लिनला सगळ्यांसाठी लायब्ररी उभारणाऱ्या नार्सिसस मार्श यांची गोष्ट ऐक.

जन्म १६३८ चा, इंग्लंडमधला. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तिथली लायब्ररी कॉलेजवाल्यांपुरतीच, मग बाहेरच्याने वाचायचं तर जायचं कुठे? पुढे आर्चबिशप, म्हणजे बिशपांचे वरिष्ठ, झाल्यावर त्यांनी सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलला लागूनच लायब्ररी बांधली, बिशप स्टिलिंगफ्लीट यांचा जवळपास दहा हजार पुस्तकांचा संग्रह विकत घेतला, आणि ती कायम टिकावी म्हणून १७०७ मध्ये पार्लमेंटकडून कायदाच करून घेतला. मला हे कायद्याचं सगळ्यात मोठं वाटतं, कारण पुस्तकं देणारे खूप भेटतात गं, पण आपल्या माघारी ती कोण बघणार हे ठरवून जाणारा क्वचितच. पहिले लायब्ररीयन एली बूएरो, धर्मापायी फ्रान्स सोडून आलेले डॉक्टर, त्यांनी तर स्वतःची पुस्तकंही तिथेच दिली.

आत ओकची काळपट कपाटं आहेत, माथ्यावर बिशपची टोपी कोरलेली, आणि जाळीच्या दारांचे कप्पे, दुर्मिळ पुस्तक मागणाऱ्याला पुस्तकासकट त्यात बंद करायचे! ब्रिटिश राजवटीविरुद्धच्या १९१६ च्या उठावात गोळ्या लागलेली पुस्तकंही जपून ठेवलीत. मार्श १७१३ मध्ये गेले, त्यांचं स्मारक कॅथीड्रलमध्ये आहे, चांगलं भव्य आहे. पण मला विचारशील तर खरे मार्श भेटतात ते त्यांच्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर, तिथे ते ग्रीकमध्ये स्वतःच्या हाताने लिहायचे, ‘सर्वत्र सत्य’.

म्हणून सांगतो, तुझ्या फादरांचंही अक्षर आधी शोध. प्रत्येक पुस्तक उघडून पहिलं पान बघ, सही, तारीख, कोणी दिलं, सगळं दाखल रजिस्टरमध्ये, म्हणजे पुस्तकांच्या नोंदवहीत, उतरव, पुस्तकावर नंबर घालायचा तो पेन्सिलनेच, पेन अजिबात नको. खालच्या फळीपासून सुरुवात कर, ओल आणि कसर तिथेच आधी लागते. आणि तुझ्यानंतर किल्ली कोणाकडे जाणार हे चर्चच्या कमिटीकडून लेखी घे, तोंडी नको, लोक बदलतात.

पहिली पन्नास पुस्तकं झाली की यादी पाठव, आणि फादरांच्या हातचं काही सापडलं तर फोटो त्याच दिवशी पाठव, मी वाट बघतोय.