वाचकांचे प्रश्न : पुरस्कार कुणाच्या नावावर?

स्टुडिओंच्या जमान्यातल्या चित्रपट-पुरस्कारांवर सीमाभागातून बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. पहिली चार परस्परांशी जोडलेली आहेत, म्हणून ओळीनं वाचावीत.

प्रश्न : आमच्या शाळेच्या प्रश्नमंजूषेत 'पहिला ऑस्कर कोणत्या साली?' असा प्रश्न होता. एका गटानं १९२७ म्हटलं, एकानं १९२८, एकानं १९२९. तिघांकडेही पुस्तकं होती. गुण कुणाला द्यायचे? (शिक्षक, खानापूर)

प्रश्न अपुरा होता, त्यामुळे तिघांनाही द्या. एका ऑस्करमागे तीन वेगवेगळी सालं असतात: चित्रपट लागला ते, ज्या काळातले चित्रपट विचारात घेतले ते आणि समारंभ झाला ते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीची स्थापना १९२७ ची. पहिल्या पुरस्कारासाठी १ ऑगस्ट १९२७ ते ३१ जुलै १९२८ या बारा महिन्यांतले चित्रपट धरले. समारंभ झाला १६ मे १९२९ रोजी, हॉलिवूडच्या रूझवेल्ट हॉटेलात, जेवणाच्या पंगतीत. विजेत्यांची नावं तीन महिने आधीच जाहीर झालेली असल्यामुळे बक्षीस वाटप पंधरा मिनिटांत उरकलं.

पुढचा गोंधळ याहून मोठा आहे. १९३० साली दोन समारंभ झाले, एक एप्रिलमध्ये आणि एक नोव्हेंबरमध्ये. १९३३ साली एकही झाला नाही. वर्ष ऑगस्टऐवजी जानेवारीपासून मोजायचं ठरलं, तेव्हा मधले महिने सुटू नयेत म्हणून एक 'वर्ष' सतरा महिन्यांचं धरलं आणि त्याचा समारंभ मार्च १९३४ मध्ये घेतला. १९३४ च्या चित्रपटांपासून पुढे, कोरोनाकाळातला अपवाद सोडला तर, सरळ कॅलेंडर वर्ष आहे.

प्रश्न काढताना 'कोणत्या सालच्या चित्रपटासाठी' किंवा 'कोणत्या साली झालेल्या समारंभात' यांतला एक शब्दप्रयोग प्रश्नातच घाला. आपल्याकडेही हेच. 'श्यामची आई' १९५३ चा चित्रपट. त्याला मिळालेलं राष्ट्रपतींचं सुवर्णपदक १९५३ सालासाठीचं, पण दिलं गेलं ऑक्टोबर १९५४ मध्ये. 'मदर इंडिया' १९५७ चा, पण ज्या ऑस्करसाठी तो स्पर्धेत होता तो समारंभ १९५८ चा. उत्तरपत्रिकेत दोन्ही सालं लिहून ठेवलीत तर अपील येणार नाही.

प्रश्न : सेड्रिक गिबन्स या कलादिग्दर्शकाला अकरा ऑस्कर मिळाले असं वाचलं. एका माणसानं इतक्या चित्रपटांचे सेट काढले तरी कसे? (चित्रकलेची विद्यार्थिनी, टिळकवाडी, बेळगाव)

काढले नाहीत. या प्रश्नात त्या काळाचं सगळं मर्म आहे, म्हणून जरा सविस्तर.

गिबन्स हे हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओच्या कलाविभागाचे प्रमुख. स्टुडिओच्या जवळजवळ प्रत्येक चित्रपटावर कलादिग्दर्शक म्हणून त्यांचं नाव जाईल, असं त्यांच्या करारातच होतं. असे सुमारे दीड हजार चित्रपट त्यांच्या नावावर आहेत. विभागातला एखादा कलाकार महिनोन्‌महिने ड्रॉइंग बोर्डावर वाकून सेट आखायचा. त्याचं नाव दुसरं, गिबन्स यांचं पहिलं. एकूण ३९ नामांकनं आणि ११ पुरस्कार त्यातूनच जमले. याचा अर्थ ते नुसते शिक्का मारणारे होते असा काढू नका. विभागाची शैली, माणसांची निवड, कुठला सेट मोडायचा आणि कुठला रंग बदलून पुन्हा वापरायचा, हे त्यांच्या हातात होतं. ऑस्करच्या बाहुलीची कल्पनाही त्यांचीच. मातीत ती घडवली मात्र जॉर्ज स्टॅन्ली या शिल्पकारानं. पायाखाली फिल्मचं रीळ आहे, त्याचे पाच आरे म्हणजे अकादमीच्या मूळ पाच शाखा: नट, लेखक, दिग्दर्शक, निर्माते, तंत्रज्ञ.

संगीताचं तर याहून उघड उदाहरण आहे. १९३७ सालापर्यंत पार्श्वसंगीताचा पुरस्कार स्टुडिओच्या संगीत विभागाला जायचा आणि बाहुली विभागप्रमुख घ्यायचा. 'अँथनी ॲडव्हर्स' (१९३६) चं संगीत एरिक कॉर्नगोल्ड यांचं, पुरस्कार वॉर्नर स्टुडिओच्या संगीत विभागाचे प्रमुख लिओ फोर्बस्टाइन यांच्या नावावर. दोनच वर्षांनी नियम बदलला आणि १९३८ च्या 'रॉबिन हूड'साठी कॉर्नगोल्डना स्वतःच्या नावानं ऑस्कर मिळालं. माणूस तोच, स्टुडिओ तोच, बदलला फक्त नियम. सर्वोत्तम चित्रपटाचंही तसंच: १९५० च्या चित्रपटांपर्यंत तो मान निर्मितिसंस्थेच्या नावावर लागायचा, १९५१ पासून निर्मात्याच्या नावावर.

कारण सरळ आहे. तेव्हा नटापासून सुतारापर्यंत सगळे पगारी नोकर होते, नटनट्यांचे करार तर सात-सात वर्षांचे. समारंभाचा खर्चही स्टुडिओच उचलत. मे १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मोठ्या स्टुडिओंना आपली थिएटरं वेगळी काढावी लागणार हे ठरलं, पैशांची ओढ सुरू झाली आणि १९४९ च्या समारंभाला त्यांनी हात आखडता घेतला. तो समारंभ अकादमीच्या स्वतःच्या लहान थिएटरात करावा लागला. त्याच वर्षी 'हॅम्लेट' या ब्रिटिश चित्रपटानं सर्वोत्तम चित्रपटाचा मान नेला.

तुमच्या प्रकल्पासाठी एवढं करा. पुरस्कारांची यादी समोर ठेवा, तिच्या शेजारी चित्रपटाची पूर्ण श्रेयनामावली ठेवा आणि कलाविभागातलं दुसरं, तिसरं नाव वेगळं लिहून काढा. तीच दुसरी-तिसरी नावं वेगवेगळ्या चित्रपटांत कुठे परत येतात ते पाहा. ड्रॉइंग कुणाच्या हातचं, याचा अंदाज तिथे लागतो.

प्रश्न : 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनीसांना कुठलं बक्षीस मिळालं होतं? प्रभातच्या लोकांना पुरस्कार का दिसत नाहीत? (वाचक, निपाणी)

तेव्हा नटाला सरकारी बक्षीस देणारं कुणी नव्हतंच. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात उभी राहिली, १९३३ मध्ये पुण्याला गेली आणि १९५३ मध्ये मिटली. केंद्र सरकारचे चित्रपट पुरस्कार नेमके १९५३ च्या चित्रपटांपासून सुरू झाले, म्हणजे प्रभातला त्यांचा लाभ होण्यासारखा नव्हताच. फिल्मफेअरचा पहिला समारंभ मार्च १९५४ चा. बंगालमध्ये पत्रकार संघटनेचे पुरस्कार १९३७ पासून होते, पण त्यांचं केंद्र कोलकाता. प्रभातचा खरा गौरव व्हेनिसला झाला. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा १९३७ च्या महोत्सवात खास उल्लेख झाला. तो चित्रपटाचा मान होता. पागनीसांच्या नावानं वेगळं काही नव्हतं.

सरकारी पुरस्कार सुरू झाल्यावरही बरीच वर्षं पदक चित्रपटालाच मिळायचं. नट, नटी, दिग्दर्शक यांना स्वतंत्र पुरस्कार १९६७ च्या चित्रपटांपासून. उत्तमकुमार आणि नर्गिस हे पहिले. फिल्मफेअरनंही पाचच पुरस्कारांनी सुरुवात केली: चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी, संगीतकार. गायकाला तिथे जागा नव्हती. लता मंगेशकरांनी हा मुद्दा लावून धरला आणि १९५९ मध्ये 'मधुमती'तल्या गाण्यासाठी पहिला पार्श्वगायनाचा पुरस्कार त्यांनाच मिळाला. त्यातही गायक-गायिका मिळून एकच. दोन वेगळे व्हायला आणखी काही वर्षं जावी लागली.

तुमच्या भागापुरतं एक सांगण्याजोगं. १९५४ च्या चित्रपटांत प्रादेशिक भाषांचीही निवड झाली. मराठीत अत्र्यांच्या 'महात्मा फुले'ला रौप्यपदक मिळालं, कन्नडमध्ये 'बेडर कण्णप्पा'ला गुणवत्ता प्रमाणपत्र. डॉ. राजकुमार यांची नायक म्हणून ती पहिलीच भूमिका. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यात होतं, १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत. निपाणीला मराठी आणि कन्नड दोन्ही पिक्चर बघणाऱ्या घरांनी ही दोन नावं एकत्र लक्षात ठेवायला हरकत नाही. आणि शेजारच्या कोल्हापूरचंच नाव घ्यायचं, तर ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती, वेशभूषाकार भानू अथैया, कोल्हापूरच्या. 'गांधी'साठी, १९८३ च्या समारंभात. वेशभूषेला ऑस्करमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीच मुळी १९४८ च्या चित्रपटांपासून. त्याआधी कितीही कपडे शिवले असते तरी बाहुली नव्हती.

प्रश्न : आमचे आजोबा कोल्हापूरच्या स्टुडिओत सुतारखात्यात होते. पिक्चर पंचवीस आठवडे चालल्यावर मिळालेली ढाल घरात आहे, काळी पडली आहे. चिंच लावून घासावी का? कशी जपायची तेवढं सांगा की. (वाचक, चिकोडी)

चिंच लावू नका. लिंबू, राख, रांगोळी, तांबा-पितळेची पावडर, काहीच नको.

आधी या ढालीचं मोल समजून घ्या. वर म्हटल्याप्रमाणे पुरस्कार वरच्या नावांनाच मिळायचे. रौप्यमहोत्सवी ढाल मात्र निर्माता आपल्या कामगारांनाही द्यायचा. सुतार, रंगारी, लाइटवाले यांच्या कामाची लेखी खूण पुष्कळदा तेवढीच उरली आहे.

अशा ढाली बहुधा लाकडी पाटावर बसवलेल्या असतात आणि पत्रा पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा, वर चांदीचा पातळ मुलामा. उंचवट्यांवर आणि कडांना पिवळट किंवा तांबूस झाक दिसली, तर मुलामा आहे असं समजा. काळेपणा म्हणजे चांदीचा गंधकाशी झालेला संयोग. आंबटानं घासलं की काळेपणा जातो आणि त्याबरोबर मुलामाही. आंबट अक्षरांच्या खाचांत राहतं आणि पावसाळ्यात तिथे हिरवा गंज चढतो. एकदा गेलेला मुलामा पुन्हा चढवायचा तर पत्रा पॉलिश करावा लागतो, त्यात कोरलेली अक्षरं बोथट होतात. नाव गेलं की ढालीत काही उरत नाही.

कामाला लागण्याआधी फोटो काढा. खोली अंधारी करून बॅटरीचा उजेड एका बाजूनं, जवळजवळ पत्र्याला समांतर पाडा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही उठून दिसतात. चारही बाजूंनी उजेड देऊन चार फोटो घ्या आणि मजकूर कागदावर जसाच्या तसा उतरवा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह.

मग मऊ ब्रशनं कोरडी धूळ. पत्रा स्क्रूनं बसवलेला असेल आणि स्क्रू सहज फिरत असतील तरच तो सुटा करा. खिळे असतील तर हात लावू नका, उचकटताना पत्रा मुरडतो. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात सौम्य द्रवसाबणाचे चार-पाच थेंब घालून जुन्या मलमलीचा बोळा त्यात बुडवा, घट्ट पिळा आणि हलकेच पुसा. दुसऱ्या बोळ्यानं नुसत्या पाण्यानं, तिसऱ्यानं लगेच कोरडं. लाकडाला पाणी लागता कामा नये. पत्रा सुटा होत नसेल तर कडेनं बोटभर जागा सोडून पुसा. इथे थांबा. उरलेला काळेपणा राहू द्या, तो पत्र्याला इजा करत नाही आणि अक्षरांतला काळा रंग तर वाचायला मदतच करतो. ॲल्युमिनियम फॉइल आणि सोड्याच्या गरम पाण्याचा उपाय कुणी सांगेल. तो निव्वळ चांदीच्या वाटीला चालतो. मुलामा, डाक (सांधे जोडणारा धातू) आणि लाकूड एकत्र असलेल्या वस्तूला नाही.

जपण्यात चुका जास्त होतात. वर्तमानपत्रात गुंडाळणं, रबर बँड लावणं, लोकरी कापडात ठेवणं, या तिन्हींनी ढाल पुन्हा काळी पडते. रबरात आणि लोकरीत गंधक असतं. धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळा, झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा आणि दाण्यांचा रंग बदलला की पुड्या बदला. जूनआधी नव्या घाला. बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. हात लावताना सुती मोजे, कारण घामाचे ठसे कायमचे उमटतात. सोबत प्रशस्तिपत्र असेल तर त्याला लॅमिनेशन करू नका आणि चिकटपट्टी लावू नका. दोन्ही पुढे निघत नाहीत.

प्रश्न : आमच्या फिल्म मंडळात वर्षाअखेर सभासदांच्या मतांनी पाच चित्रपट निवडायचे आहेत. जुन्या ऑस्करसारखा बंद लिफाफा ठेवायचा आहे. काय काळजी घ्यावी? (सभासद, शहापूर, बेळगाव)

लिफाफा आला तो ठेच लागल्यावर. १९४० पर्यंत अकादमी विजेत्यांची नावं रात्री अकराला छापायची या अटीवर वर्तमानपत्रांना आधीच देत असे. त्या वर्षी लॉस एंजेलिसच्या एका दैनिकानं ती संध्याकाळच्या अंकातच छापली आणि पाहुणे निकाल वाचूनच आत आले. १९४१ पासून बंद लिफाफे. मतमोजणी बाहेरच्या हिशेबनिसांकडे मात्र १९३५ च्या सुमारापासूनच होती; १९३५ च्या समारंभाआधी अभिनेत्री बेट डेव्हिस यांचं नाव नामांकनात नसल्यावरून मोठा गहजब झाला होता.

तुम्ही मोजणी मंडळाबाहेरच्या दोघांकडे द्या. दोघांनी स्वतंत्र मोजावं, आकडे जुळले तरच लिफाफा बंद करावा. मतपत्रिकेवर नाव नको, पण क्रमांक हवा, म्हणजे कुणी दोनदा टाकली तर कळेल. लिफाफ्यात विजेत्याचं नाव आणि विभागाचं नाव दोन्ही लिहा, विभाग बाहेरच्या बाजूलाही मोठ्या अक्षरात. मतपत्रिका निकालानंतर महिनाभर ठेवा.

बरोबरीचा नियम मतदानाच्या आधी लिहून सभासदांना वाटा. १९३२ च्या समारंभात नट फ्रेडरिक मार्च यांना वॉलेस बीअरी यांच्यापेक्षा एकच मत जास्त होतं, तरी दोघांनाही पुरस्कार दिला गेला, कारण तेव्हाच्या नियमानं तीन मतांच्या आतला फरक म्हणजे बरोबरी. नंतर तो नियम काढून तंतोतंत सारखी मतं हीच बरोबरी धरली. मंडळात चाळीस-पन्नास सभासद असतील तर तीन मतांची सूट फार होते. एका मताची ठेवा किंवा अजिबात ठेवू नका.