घरी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघताना तुम्ही आयुष्याबद्दल काय शिकलात?

सिनेमा चालू असताना बोलणाऱ्या माणसाला गप्प करू नये, एवढंच शिकले. पण ते शिकायला मला लग्नानंतर अकरा वर्षं लागली.

मे महिन्यात आमच्या सोलापुरात रात्री दहालाही भिंती हाताला चटका देतात, म्हणून पोरांनी गच्चीवर सिनेमाचा बेत काढला. धाकट्या दिरांनी मित्राकडून प्रोजेक्टर आणला. पडद्यासाठी लेकानं कपाटातली चादर ओढून आणली, ती अर्थातच सोलापुरी. नायकाच्या गालावर मोर! सासऱ्यांची हयात यंत्रमागावर गेलेली. ते काही न बोलता खाली गेले, आपलं पांढरं धोतर घेऊन आले, खालच्या दोन टोकांना विटा बांधल्या. झाला पडदा.

सिनेमा मी निवडला होता, व्ही. शांताराम यांचा १९४६ सालचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’. ब्लॅक अँड व्हाइट म्हटल्यावर पोरांची तोंडं वाकडी. शेंगाचटणी-कडक भाकरीचं ताट पुढं सरकवलं तेव्हा कुठं बसली.

सासूबाई सिनेमाभर बोलतात. हा कोण, ही मघाशी कुठं होती, चालूच. त्या रात्री डॉक्टर चीनला निघाले आणि या म्हणाल्या, “अगं थांबव जरा. आईला विचारलं का त्यानं?”

“आई, पुढं कळेल.”

“थांबवा की वहिनी, कुठं गाडी सुटतीय?” दीर म्हणाले.

थांबवला. मग सासरे बोलायला लागले. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली इथंच जन्मले. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टर गेले, चार परत आले. लेक ताडकन उठून बसला, “भैय्या चौकातलं स्मारक, तेच?” त्याची रिक्षा रोज तिथूनच शाळेत जाते.

कोटणिसांनी तिथल्याच क्वो चिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, “दोन्ही घरं एका नावात बसवली की.” बाळ चार महिन्यांचंही नव्हतं तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ ला, डॉक्टर गेले. वय ३२.

पण आईला विचारलं का, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मी हा सिनेमा आधी दोनदा पाहिलाय. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. आमचे मोठे दीर नऊ वर्षं जर्मनीत आहेत. ते निघाले तेव्हा सासूबाईंना कुणी विचारलं होतं का? मी तेव्हा याच घरात होते, तरी मला आठवत नाही.

सिनेमा संपायला दीड वाजला. तेव्हापासून रिमोट त्यांच्याकडेच असतो. परवा एका मारामारीच्या सिनेमात ऐन रंगात आलेला व्हिलन थांबवून त्यांनी विचारलं, “सकाळपासून नुसता हाणतोय, हा जेवला कधी?”