वाचकांचे प्रश्न : दृष्टिपटल मेंदूला नेमके काय कळवते?

प्रश्न : शाळेच्या पुस्तकात दृष्टिपटलाची तुलना कॅमेऱ्याच्या फिल्मशी केलेली असते. मात्र प्रकाश टिपणाऱ्या पेशी या पडद्याच्या अगदी मागच्या बाजूला असतात, असे नुकतेच वाचनात आले. मग पुढच्या पेशी प्रकाशाच्या आड येत नाहीत का? (एक माध्यमिक शिक्षिका)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. दृष्टिपटल, म्हणजे रेटिना, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचे असते, पण तेवढ्यात चेतापेशींचे तीन थर बसवलेले असतात. बुबुळामागून आलेल्या प्रकाशाला आधी गुच्छिका पेशी (ज्यांचे तंतू मेंदूकडे जातात) भेटतात, नंतर द्विध्रुवी, क्षैतिज आणि ॲमाक्राइन या पेशींचा मधला थर लागतो, आणि तो ओलांडल्यावरच शलाका आणि शंकू या प्रकाशग्राही पेशी येतात. त्यांच्याही मागे काळसर रंगद्रव्याचा थर असतो.

ही उलटी वाटणारी मांडणी गर्भावस्थेपासूनची आहे. मेंदूच्या पुढच्या भागातून एक फुगवटा बाहेर येतो आणि आत दुमडून पेल्यासारखा होतो. पेल्याच्या आतल्या थराचे दृष्टिपटल होते आणि बाहेरच्या थराचा रंगद्रव्याचा थर. त्यामुळे दृष्टिपटल हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे, असे म्हणणे अलंकारिक नव्हे. फिल्मची उपमा मला अपुरी वाटते ती याचसाठी.

आता अडथळ्याविषयी. पुढच्या पेशी जवळजवळ पारदर्शक असतात आणि दृष्टिपटलातून जाणाऱ्या चेतातंतूंवर मेदाचे पांढरे आवरण नसते. म्यूलर पेशी नावाच्या, दृष्टिपटलाच्या आरपार उभ्या असलेल्या आधारपेशी तर प्रकाश मागे पोहोचवायला काहीशी मदतच करतात. जिथे सर्वांत बारकाईने पाहायचे असते त्या मध्यभागीच्या खळगीत, म्हणजे गर्तिकेत, पुढचे थर चक्क बाजूला सरकलेले असतात.

मागे असण्याचा मोठा फायदाही आहे. शलाकांची प्रकाशसंवेदी टोके सतत झिजतात आणि साधारण १० दिवसांत पूर्णपणे नवी होतात. झिजलेले तुकडे गिळून टाकण्याचे आणि वापरलेले रंगद्रव्य पुन्हा कामाजोगे करण्याचे काम मागचा थर करतो, म्हणून ही टोके त्याला खेटून असावी लागतात. या सोयीची किंमत म्हणजे अंधबिंदू. तंतू पुढच्या बाजूला असल्याने त्यांना बाहेर पडण्यासाठी पडद्याला भोक पाडावे लागते आणि तेथे प्रकाशग्राही पेशी नसतात. कागदावर ८ सेंटिमीटर अंतराने शेजारी दोन खुणा करा, डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने डावीकडची खूण पाहत राहा आणि कागद सुमारे ३० सेंटिमीटरवर धरून थोडा मागेपुढे करा. एका जागी उजवी खूण नाहीशी होईल. ऑक्टोपसच्या डोळ्यात तंतू मागूनच निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदू नाही.

प्रश्न : एका डोळ्यात सुमारे १० कोटी प्रकाशग्राही पेशी असतात, पण मेंदूकडे जाणारे तंतू १० लाखांच्या घरात असतात. मग उरलेली माहिती वाया जाते का? (जीवशास्त्राचा विद्यार्थी)

उत्तर : बरीचशी माहिती टाकलीच जाते, पण ती टाकण्याची रीत पाहण्यासारखी आहे.

सुरुवात एका विचित्र गोष्टीने होते. बहुतेक ज्ञानेंद्रियांतील पेशी उद्दीपन मिळाले की जाग्या होतात. शलाका आणि शंकू मात्र अंधारातच अधिक सक्रिय असतात. अंधारात त्यांच्या आवरणातील मार्ग उघडे राहून विद्युत्भारित कण आत येत राहतात, पेशीचा विभव, म्हणजे तिच्या आतल्या आणि बाहेरच्या विद्युत्दाबातील फरक, उणे ४० मिलिव्होल्टच्या आसपास राहतो आणि ग्लुटामेट हे रसायन अखंड पाझरत असते. प्रकाशकण पडला की रंगद्रव्यातील रेटिनल या रेणूचा वाक सरळ होतो, त्यातून रासायनिक क्रियांची साखळी सुरू होते, मार्ग मिटतात, विभव उणे ७० कडे घसरतो आणि ग्लुटामेट कमी होते. थोडक्यात, प्रकाशाची वर्दी या पेशी गप्प होऊन देतात.

पुढची द्विध्रुवी पेशी ही शांतता कशी वाचते, यावर सारे अवलंबून असते. या पेशींचे दोन गट आहेत. एका गटाला ग्लुटामेट उत्तेजित करते, म्हणून त्या पेशी उजेड घटल्यावर जाग्या होतात. दुसऱ्या गटाला तेच रसायन दाबून ठेवते, म्हणून ते कमी होताच त्या मोकळ्या होतात आणि उजेड वाढल्याचे कळवतात. अशा प्रकारे पहिल्याच जोडणीपाशी ‘उजळले’ आणि ‘काळवंडले’ या दोन बातम्या वेगळ्या होतात आणि मेंदूपर्यंत वेगळ्या वाटांनीच जातात.

खरी काटछाट क्षैतिज पेशी करतात. त्या आजूबाजूच्या अनेक प्रकाशग्राही पेशींचा अंदाज घेतात आणि त्यांची सरासरी जणू प्रत्येकीच्या संदेशातून वजा करतात. स्टीफन कफ्लर यांनी १९५३ मध्ये मांजराच्या दृष्टिपटलावर केलेल्या प्रयोगांत याचा परिणाम स्वच्छ दिसला. एखाद्या गुच्छिका पेशीच्या क्षेत्राच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या ज्या भागाची ती खबर घेते त्याच्या, मध्यावर प्रकाशाचा ठिपका टाकला की ती जोराने प्रतिसाद देई, भोवतालच्या कड्यावर टाकला की मंदावे, आणि संपूर्ण क्षेत्र सारखेच उजळले तर तिचा प्रतिसाद फारसा बदलत नसे. एकरंगी भिंतीबद्दल कळवण्याजोगे फार काही नसते. भिंतीची कड मात्र कळवावीच लागते. उन्हात ठेवलेला कोळसा दिव्याच्या उजेडातील पांढऱ्या कागदापेक्षा अधिक प्रकाश परावर्तित करत असू शकतो, तरीही तो काळाच दिसतो, याचे मोठे कारण हेच की दृष्टिपटल प्रकाशाची एकूण मात्रा कळवण्यापेक्षा शेजाऱ्याशी असलेला फरक कळवते.

ॲमाक्राइन पेशींचे प्रकार अनेक आहेत आणि त्या प्रामुख्याने काळाचा, हालचालीचा हिशेब ठेवतात. बार्लो आणि लेव्हिक यांनी १९६५ मध्ये सशाच्या दृष्टिपटलात एका विशिष्ट दिशेने सरकणाऱ्या वस्तूलाच प्रतिसाद देणाऱ्या गुच्छिका पेशींचा सविस्तर अभ्यास मांडला. त्या दिशाज्ञानामागे चांदणीच्या आकाराच्या ॲमाक्राइन पेशी आहेत, हे पुढे स्पष्ट झाले. उंदरात तर गुच्छिका पेशींचे ३० हून अधिक प्रकार ओळखले गेले आहेत. प्रत्येक प्रकार संपूर्ण दृश्यावर पसरलेला असतो आणि त्यातून आपल्यापुरता एकच तपशील उचलतो. १० लाख तंतूंतून जाते ते एक चित्र नसून एकाच दृश्याचे अनेक समांतर अहवाल असतात.

प्रश्न : अंधुक तारा थेट पाहिला की दिसेनासा होतो आणि नजर जरा बाजूला नेली की पुन्हा दिसतो. हा भास आहे का? (आकाशनिरीक्षणाचा छंद असलेले वाचक)

उत्तर : हा भास नाही. गर्तिकेच्या मध्यभागी केवळ शंकू असतात आणि त्यांना भरपूर उजेड लागतो. शलाका तेथे नाहीत. मध्यापासून १५ ते २० अंश दूर त्या सर्वांत दाट असतात. हेक्ट, श्लेअर आणि पिरेन यांनी १९४२ मध्ये दाखवले की, अंधाराला सरावलेल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या लुकलुकीत डोळ्याच्या पृष्ठभागावर ५४ ते १४८ प्रकाशकण पोहोचतात, आणि प्रत्यक्ष शलाकांत त्यांपैकी ५ ते १४ इतकेच शोषले जातात.

अनेक शलाकांचे संदेश एकत्र केल्याने ही संवेदनशीलता मिळते, पण संदेश कोणत्या शलाकेतून आला हे त्या बेरजेत हरवते, म्हणून अंधारात बारकावे कळत नाहीत. गर्तिकेत याच्या नेमके उलट असते: तेथे एका शंकूसाठी स्वतंत्र द्विध्रुवी आणि स्वतंत्र गुच्छिका पेशी असू शकते. गंमत म्हणजे शलाकांच्या मुख्य वाटेला मेंदूकडे जाण्याचा स्वतःचा रस्ता नाही; त्यांचा संदेश एका ॲमाक्राइन पेशीमार्फत शंकूंच्याच वाटेवर चढवला जातो. शलाका पूर्ण सरावायला अर्धा तास तरी द्यावा आणि दरम्यान मोबाइलचा पडदा पाहू नये.

प्रश्न : प्रकाशग्राही पेशी नष्ट झालेल्या व्यक्तीच्या बाहुल्या उजेडात आकुंचन पावू शकतात का? (एक वाचक)

उत्तर : काही व्यक्तींमध्ये पावतात. मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य बाळगणाऱ्या मोजक्या गुच्छिका पेशी स्वतःच प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे बर्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये उंदराच्या जातीच्या प्राण्यांत दाखवले, आणि माणसातही त्या आहेत. त्या बाहुलीचे आकुंचन आणि शरीराचे दिवसरात्रीचे घड्याळ सांभाळतात. म्हणून शलाका आणि शंकू गमावलेल्या, पण या पेशी शाबूत असलेल्या काही दृष्टिहीनांचे घड्याळ सूर्याशी जुळलेले राहते, तर दोन्ही डोळे काढावे लागलेल्या व्यक्तींचे घड्याळ बहुधा रोज थोडे थोडे सरकत जाते.