मागून बसलेली फियाट, ॲडजस्टेबल सस्पेन्शन आणि सर्टिफिकेटचा घोळ

प्रश्न : नमस्कार. बाबांनी घेतलेली १९७३ ची प्रीमियर प्रेसिडेंट आहे आमच्याकडे, घरात सगळे फियाटच म्हणतो. आरसी वेळच्या वेळी रिन्यू केलीये. पण गाडी मागून बसलीये, चौघं बसून डिक्कीत सामान टाकलं की घोडबंदर रोडच्या प्रत्येक स्पीडब्रेकरला सायलेन्सर घासतो. एक दुकानदार म्हणतोय पाटे (लीफ स्प्रिंग) काढून टाकू, मागे ॲडजस्टेबल कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअपवरच चढवलेली स्प्रिंग, बसवू, नट फिरवला की हाइट पाहिजे तेवढी वर-खाली, आणि वर सर्टिफिकेट पण देतो. माझा भाचा स्टुटगार्टला असतो, त्याने त्याच्या जुन्या गाडीला असंच काम केलं आणि तिकडच्या टीयूव्ही ह्या तपासणी संस्थेने पास करून दिलं. आपल्याकडे हे सर्टिफिकेट नक्की कोण देतं? – एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आधी दुकानदाराला फोन करा आणि सांगा थांब. पाटे काढले असतील तर ठेवून दे म्हणावं, भंगारात घालू नको.

आता का ते सांगतो. तुमच्या गाडीत पुढे कॉइल स्प्रिंग आहेत आणि मागे सरळ ॲक्सल, दोन बाजूंना पाटे. लोकांना वाटतं पाट्याचं काम एवढंच की गाडीचं वजन उचलायचं. तसं नाहीये. तो पाटा ॲक्सलला जागेवर पण धरून ठेवतो, पुढेमागे, डावीउजवीकडे, आणि तुम्ही ॲक्सिलरेटर दाबला की हौजिंगला (ॲक्सलच्या बाहेरच्या खोळीला) चाकाच्या उलट दिशेने फिरायचं असतं त्यालाही पाटाच अडवतो. म्हणजे पाटा काढला तर एक नाही, तीन-चार कामं उघड्यावर पडतात. मग ॲक्सल धरायला लिंक म्हणजे दांड्या लावा, तो डावीउजवीकडे सरकू नये म्हणून आडवा पॅनहार्ड रॉड लावा, आणि ह्या सगळ्याला ब्रॅकेट कुठे वेल्ड करणार? ह्या गाडीला वेगळी चॅसिस नाही हो, बॉडी हीच चॅसिस. पन्नास पावसाळे खाल्लेल्या पत्र्याला वेल्डिंग करायचं आणि त्याच्या भरवशावर मुंबई-नाशिक हायवेला ८० ने जायचं, मी तरी नाही बसणार त्या गाडीत.

कोणी म्हणेल पाटे राहू देत, फक्त शॉकअपच्या जागी स्प्रिंगवाला शॉकअप टाकू. हे जरा बरं वाटतं पण त्यातही गोची आहे. शॉकअपचं वरचं माउंटिंग हे गाडीचं वजन पेलायला बनवलेलंच नाहीये, ते फक्त पाट्याच्या उड्या आवरताना जो झटका येतो तेवढा घेतं. तिथे स्प्रिंग आली की वजनाचा वाटा चोवीस तास त्या एका बोल्टवर आणि त्याच्या भोवतीच्या पत्र्यावर. काही महिन्यांनी डिक्कीतलं कार्पेट उचलाल तर बोल्टभोवती केसासारखी चीर दिसेल.

बरं, गाडी बसलीये हे कसं मोजलंत? नजरेने मोजू नका. सपाट जागा बघा, सोसायटीच्या बेसमेंटला चालेल पण उतारावर नको, चारही टायरची हवा बरोबर करा आणि चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावा. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज पण त्यात मिसळते. डावी-उजवीत फरक निघाला तर एका बाजूचा पाटा तुटलेला असण्याची शक्यता जास्त, बहुतेक वेळा मेन पाटा सेंटर बोल्टच्या भोकापाशी तडकतो आणि वरून दिसतही नाही. दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर पाट्याची कमान उतरलीये, वय झालं, बस.

त्यावर उपाय जुनाच आहे. पाटे उतरवायचे, सुटे करायचे, गंज घासून काढायचा, आणि कमान परत मारून घ्यायची. कळंबोली, तुर्भे ह्या भागात जिथे ट्रकची कामं चालतात तिथे हे करणारे कारागीर मिळतील, फक्त त्यांना हात जोडून सांगा की ही फियाट आहे, टेम्पो नाही, नाहीतर एवढी कमान देतात की गाडी मागून उंदरासारखी वर उठते. जुना पाटा नुसता ठोकून वाकवला तर काही दिवसांत परत बसतो, नीट तापवून पाणी दिलेला टिकतो, तेव्हा विचारून घ्या कसं करणार ते. सोबत पाट्याच्या टोकांतले रबरी बुश नवीन, शॅकलच्या (पाट्याचं मागचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) पिना नवीन, आणि पाटा ॲक्सलला बांधणारा यू क्लॅम्प तर नवीनच, जुना परत वापरायचा नाही. आणि एक गोष्ट जी दहातले आठ मेकॅनिक चुकवतात, बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना फायनल टाइट करायचे नाहीत. गाडी चाकावर उभी करा, थोडं हलवा, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. दोन-तीनशे किलोमीटरनंतर यू क्लॅम्प परत एकदा चेक करा.

तरीही ॲडजस्टेबल पाहिजेच असेल, हौस आहे, समजू शकतो, तर ॲडजस्टेबल शॉकअप घ्या. मूळ माउंटिंगवर बोल्टने बसणारे, काहीही न कापता. पण लक्षात ठेवा त्याने गाडी वर येणार नाही. तो नॉब किंवा ती चकती शॉकअपचा कडकपणा बदलते, उंची नाही. हाइटचं काम पाट्याचं, उड्या थांबवायचं काम शॉकअपचं, ह्या दोघांची गल्लत झाली की लोक उगाच पैसे घालतात.

आता सर्टिफिकेट. भाचा म्हणतो ते खरं आहे, पण तिकडची पद्धत समजून घ्या. जर्मनीत सस्पेन्शनच्या पार्टसोबत त्याचे तपासणीचे कागद येतात, कोणत्या गाडीला चालतो, काय अटी वगैरे, मग टीयूव्हीसारख्या संस्थेचा माणूस तो पार्ट तुमच्याच गाडीवर नीट बसलाय का बघतो आणि बदल गाडीच्या कागदांवर चढतो. पार्टला कागद नसला तर एकट्या गाडीची वेगळी तपासणी होते. तीस वर्षांवरच्या गाड्यांना तिकडे नंबरच्या शेवटी एच मिळतो, त्यासाठीही गाडी मूळ रूपाच्या जवळ लागते.

आपल्याकडे असं दुकान नाही. पुण्याची एआरएआय ही गाड्यांची चाचणी करणारी संस्था आहे, पण तिचं टाइप अप्रूव्हलचं, म्हणजे अख्ख्या मॉडेलला मंजुरी द्यायचं काम कंपन्यांसाठी आहे, तुमची एक गाडी घेऊन गेलात आणि म्हणालात ह्याला शिक्का मारा, तर तशी सोय नाही. मग दुकानदार कोणतं सर्टिफिकेट देणार? लेटरहेडवर "फिटिंग ओके" लिहून देईल. त्याची किंमत बिलाएवढीच, आरटीओत आणि इन्शुरन्समध्ये शून्य.

कायदा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. आरसीवरचा तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि बदल म्हणजे काय तर गाडीच्या रचनेतला असा फरक की तिचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच कडक करून सांगितलं. २०१९ च्याच दुरुस्तीने कलम १८२ए आलं, त्यात मालकाने परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आता पाटा दुरुस्त करून त्याच जागी लावणं किंवा त्याच बोल्टवर दुसरा शॉकअप लावणं ही माझ्या मते दुरुस्ती झाली, त्यात रचना बदलत नाही. पाटे काढून लिंक वेल्ड करणं हा सरळसरळ बदल. पुढच्या रिन्यूअलला इन्स्पेक्टर वाकून खाली बघेल, मग सांगा काय दाखवणार.

शॉकअपचं बिल, पार्ट नंबर, काम करण्याआधीचे आणि नंतरचे फोटो एका फाइलमध्ये ठेवा आणि इन्शुरन्स कंपनीला ईमेल करून कळवा. उत्तर आलं नाही तरी पाठवल्याची नोंद राहते.

प्रश्न : माझ्या ॲम्बॅसेडरला मागे लांब शॅकल टाकून गाडी वर घेतली, दिसते मस्त, पण ६० च्या वर बॉडी थरथरते. व्हील बॅलन्सिंग दोनदा झालं. – एक वाचक, नेरुळ

उत्तर : बॅलन्सिंगवाल्याला तिसऱ्यांदा पैसे देऊ नका. हा उद्योग मी माझ्या पहिल्या फियाटवर केलेला आहे, एका गॅरेजवाल्याच्या नादाने, आणि पाम बीच रोडला अख्खा आरसा हलत असायचा. शॅकल लांब केला की पाटा तिरका होतो, त्याच्यासोबत हौजिंग फिरतं आणि गोळ्याचं (डिफरन्शियलचं) नाक वर बघायला लागतं. मग प्रोपेलर शाफ्टच्या दोन क्रॉसचे (टोकांच्या सांध्यांचे) कोन जुळत नाहीत आणि थरथर सुरू. शिवाय मागून गाडी वर गेली की पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, वळणातून स्टेअरिंग आपोआप सरळ येईनासं होतं, हेडलाइट पण खाली बघतात. एवढं करून मिळतं किती, शॅकल दोन इंच वाढवला तर गाडी साधारण एकच इंच उठते, कारण ॲक्सल पाट्याच्या मधोमध आहे. मूळ शॅकल परत लावा आणि वरच्या उत्तरातलं कमानीचं काम करून घ्या. क्रॉस पण तपासा, एव्हाना त्यांचीही वाट लागली असेल. आणि मागच्या ब्रेकचा रबरी होस ताणला गेलाय का ते आजच बघा, उद्या नको.

प्रश्न : १९७० ची फियाट व्हिंटेजमध्ये नोंदवता येईल का? नंतर ती घेऊन रोज वाशीला ऑफिसला जाता येईल? – एक वाचक, कोपरी, ठाणे

उत्तर : पहिलं हो, दुसरं नाही. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची गाडी, मूळ रूपात सांभाळलेली, चॅसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात फेरफार न केलेली अशी पाहिजे. नवीन नोंदणीला २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरमध्ये व्हीए येतं. पण मग ती फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, मेंटेनन्स अशा कामांनाच रस्त्यावर काढायची, रोजच्या ऑफिसला नाही. रोज चालवायची असेल तर साधी आरसीच पाच-पाच वर्षांनी रिन्यू करत राहा. आणि कासारवडवलीच्या वाचकांनो, तुमची १९७३ ची पण ह्यात बसते, तेव्हा खालचा पत्रा वेल्डिंगवाल्याच्या हातात द्यायच्या आधी हे एकदा बाबांना पण वाचून दाखवा.